फ्लॅट नंबर दोन, माणसं तीन

कुलपात गाळ बसला होता. आमोद किल्ली घालायचा, फिरवायचा, काढून पँटला पुसायचा, पुन्हा घालायचा. सागवानी दारावर, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर, पाण्याची तपकिरी रेघ होती. काल रात्री नदी इथपर्यंत चढली होती.

"आई!" सोनाली दोन्ही पंजांनी दार बडवत होती. मांजरी गावाहून सकाळच्या पहिल्या बसनं आली होती. "आई, मी आलेय! बोल की!"

आतून काही नाही.

"अगं, वरच्या मजल्यावर कुणाकडे गेल्या असतील मावशी," आमोदची बायको अस्मिता नाकाला ओढणी लावून म्हणाली.

सोनालीनं कुलपाकडं बोट केलं. "कुठनं?"

अस्मितानं ओढणी सारखी केली.

"कुलूप का घातलंत, दादा?"

"पूर आला की चोऱ्या होतात. सगळ्यांनीच घातलीत, बघ."

"सगळ्यांच्या घरात माणूस नव्हतं."

"घाईत हात सवयीनं जातो गं." आमोदला एवढंच आठवत होतं, की कुलूप लावून त्यानं नेहमीसारखं तीनदा ओढून पाहिलं होतं.

"आईचा फोन आलेला काल दुपारी चार वाजता," सोनाली म्हणाली. "आजोबांना घेऊन तुम्ही होडीत बसलात, म्हणाली. ती सामान माळ्यावर चढवतीय आन् तुम्ही होडी परत पाठवणार हाय. पाठवली?"

"बाबांना घेऊन सदाशिव पेठेत हिच्या माहेरी पोचेपर्यंत आठ वाजले. मग त्यांची औषधं, जेवण..."

"आणि फोनही लागेना मावशींचा," अस्मिता मध्येच म्हणाली. "आम्हाला काय काळजी नाही? घरच्यासारख्याच आहेत त्या. सकाळपासून बाबांचं सगळं खोळंबलंय त्यांच्यावाचून. ना अंग पुसणं, ना कपडे बदलणं."

"फाटकावर यादी लावलीय." सोनालीचा आवाज खाली आला. "फ्लॅट नंबर दोन, माणसं तीन, बाहेर काढली तीन. तीन कुणी सांगितलं?"

"होडीतल्या माणसानं विचारलं, घरातली माणसं किती?" आमोद किल्लीकडे बघत म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. विचारलं तेवढंच सांगितलं होतं.

सोनालीनं आवारातल्या बागेच्या कडेचा दगड उपटला. आमोद बाजूला झाला. ती दगड उचलणार, तेवढ्यात आतून आवाज आला. टण्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टण्.

तिनं कोयंड्यावर दगड घातला.

"जपून!" आमोद ओरडला. "सागवानी आहे दार!"

चौथ्या घावाला कोयंडा निघाला. दार फुगलं होतं, तिघांनी खांदा लावल्यावर हातभर उघडलं. सोनाली त्या फटीतून आत घुसली. हॉलमध्ये फ्रिज आडवा पडला होता, ती त्याच्यावरून सरपटत गेली. स्वयंपाकघरात गुडघ्याएवढा गाळ होता.

तिनं वर पाहिलं.

माळ्यावर टीव्ही होता. मिक्सर होता, गाद्या होत्या, अस्मिताच्या पैठण्यांची बॅग, आमोदच्या फायलींची खोकी, तांब्याचा जुना बंब. सगळं नीट रचून, एकावर एक, छतापर्यंत. सगळं मावलं होतं. कडेला वीतभर जागा उरली होती, तिथं तिची आई, विजयमाला, बसली होती. मान छताखाली मोडल्यासारखी वाकलेली. पाय खाली लोंबत होते, तळवे पांढरेफटक, फुगलेले. एका हातात पळी होती. तीच बंबावर वाजवत होती, कारण रात्रभर हाका मारून आवाज गेला होता.

"आई," सोनाली ओट्यावर चढली. "आई, खांद्यावर ये माझ्या."

विजयमालेचे ओठ हलले. नुसती हवा आली. दुसरा हात तिनं पोटाशी घट्ट धरला होता. त्यात पदराचं गाठोडं होतं.

"अगंबाई!" मागून अस्मिताचा आवाज फुटला. "आमोद, देव! देव वाचले आपले!"

ती गाळ तुडवत पुढं आली आणि तिनं दोन्ही हात वर केले. विजयमालेनं पळी खाली ठेवली. गाठ सोडायला तिला वेळ लागला. बाळकृष्ण दिला. अन्नपूर्णा दिली. शंख दिला. अस्मिता एकेक कपाळाला लावत होती, ओढणीत घेत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सहा वर्षं विजयमाला या घरात रात्रंदिवस राहिली. म्हाताऱ्याचं हगणंमुतणं काढलं, त्याला भरवलं. देव्हाऱ्याला मात्र तिनं हात लावला नव्हता. लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, अगदी गोड शब्दांत.

घंटा हातात घेताना अस्मिता थबकली. तिनं आधी घंटेकडं पाहिलं, मग वर त्या गाळानं माखलेल्या बाईकडं.

"मावशी," ती म्हणाली, "देवांना हात लावायच्या आधी आंघोळ केली होतीत ना?"

आमोद फ्रिजकडं बघू लागला. सोनालीचे हात वर तसेच राहिले.

विजयमालेनं ओठ हलवले. एकदा, दोनदा. मग वाळू घासल्यासारखा आवाज बाहेर आला.

"केली की, ताई. गळ्यापातुर."