नुसती पेडलं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले मास्तर कॉम्प्युटर गेमचं स्टिअरिंग घ्यायला दुकानात आले. विक्रेतीनं तीन सेट काढून मांडले. मास्तरांनी एकाही स्टिअरिंगला हात लावला नाही. खालची पेडलं तेवढी त्यांनी शेजारच्या खुर्चीपुढे ओढली, तिथं ऐसपैस बसले आणि तिला म्हणाले, "हं, घ्या गाडी."

रेस सुरू झाली. बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. हिची जागची हलेना, कारण मास्तरांचा पाय ब्रेकवर होता.

"आधी आरसा बघा."

"सर, मागे कोणीच नाहीये."

"न बघता कसं कळलं?"

तिनं बघितलं. पहिल्या नंबरची गाडी एक फेरी मारून मागून भरधाव येत होती. ती चपापली.

मास्तर खूश झाले. "पेडलं छान आहेत, बांधून द्या. स्टिअरिंग नको."

"अहो, मग गाडी चालवणार कोण?"

"मी कुठं कधी चालवली? जन्मभर शेजारीच बसलोय."

सेट फोडून विकत नाही, हे तिनं चारदा सांगून पाहिलं. शेवटी पेडलं मास्तरांनी घेतली आणि स्टिअरिंग तिनं. आता रोज सकाळी सातला ती स्टिअरिंग काखोटीला मारून त्यांच्या घरी जाते.

परवा तिनं मालकाकडे सोमवारची रजा मागितली. मास्तरांनी परीक्षा ठेवली आहे, आणि तिची गाडी अजून वळणावर कठड्याला घासते.