निरोगी घरातलं रक्त

फ्रीजरमध्ये रक्ताच्या चोवीस नळ्या होत्या: बारा अल्झायमर असलेल्या घरांतल्या, त्यांत एक माझी; बारा निरोगी घरांतल्या, त्यांत एक माझ्यासोबत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सौमित्रची. पेशींमधल्या मायटोकाँड्रियातलं ऊर्जा देणारं एन्झाइम आम्ही मोजत होतो. ते जितकं कमी, तितका धोका जास्त, असा आमचा कयास. माझं कमी निघालं, तेव्हा सौमित्रनेच माझे डोळे पुसले होते.

काल त्याच्या आईने आमचं ठरलेलं लग्न मोडलं.

“तू घरी सांगितलंस?”

“आईपासून काय लपवायचं? मायटोकाँड्रिया मुलांना आईकडूनच मिळतात. उद्या नातवंडं विसरभोळी निघाली तर, म्हणाली ती.”

“तुझी नळी तपासायची राहिलीय.”

“आमच्याकडे कोणाला काही नाही गं. तपास खुशाल.”

मी तीनदा तपासून सरासरी काढली. माझं एन्झाइम निरोगी पातळीच्या एकाहत्तर टक्के होतं. त्याचं बावन्न.