हुकूम

"हा किमोनो जपान्यांचा आहे, ब्रुखमान्स साहेब. आम्ही जावाचे," थेआ पडद्याआड तिसऱ्यांदा म्हणाली.

"लोकांना काय डोंबल कळतंय! पूर्व ती पूर्व." मॅनेजरने तिच्या कमरेचा पट्टा करकचून ओढला. "रेकॉर्ड कंपनीचा साहेब दुसऱ्या रांगेत येऊन बसलाय. हे गाणं जमलं की आजच सही. नाहीतर जा परत टायपिंगला."

चार वर्षं ती हॉलंडातल्या, हेगच्या नाचघरांतून गात होती. गोरी पोरं तिच्या गाण्यावर बेभान नाचायची आणि दारात तिच्या गिटार वाजवणाऱ्या भावाला, एडूला, सायकलच्या साखळ्यांनी झोडायची. पोरी याच्याकडेच का बघतात, हा त्यांचा राग. एकदा रेकॉर्ड निघाली की ही दारं कायमची सुटणार होती. एवढ्यासाठी एक झगा अंगावर घेतला तर काय बिघडलं, असं तिने स्वतःला समजावलं.

पडदा सरकला. पहिल्या रांगेत आई बसली होती, सोबत युद्धातल्या कैदी छावणीतल्या तिच्या तिघी मैत्रिणी. चौघींच्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुरचुंड्या. किमोनो बघताच आईचा चेहरा पांढराफटक पडला.

कार्यक्रमाला रंग चढावा म्हणून ब्रुखमान्सने कुणा खलाशाकडून एक जपानी शब्द शिकून ठेवला होता. त्याने घंटेवर टोला हाणला आणि माइकमध्ये ओरडला, "केइरेई!"

थेआ वाकली. तिने ठरवलं नव्हतं. पाठच वाकली आणि हात मांड्यांना चिकटले. पंधरा वर्षांपूर्वी, जावातल्या जपानी छावणीत, रोज सकाळी हाच हुकूम सुटायचा. वाका. मग शिपाई 'नाओरे' म्हणेपर्यंत कुणी सरळ व्हायचं नाही. सहा वर्षांची थेआ एकदा आधीच सरळ झाली, तर शिपायाने आईच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता घातला. आईचे दोन दात मातीत पडले. दुसऱ्या दिवसापासून आई स्वतःच तिची मान दाबून धरायची, नखं रुतेपर्यंत.

सभागृहात हशा पिकला. थेआने तशाच अवस्थेत डोळे वर केले.

लोक तिला हसत नव्हते. पहिल्या रांगेत आई उभी राहून कमरेतून वाकली होती. शेजारी तिघी मैत्रिणी, एका ओळीत, तशाच. पुरचुंड्या पायाशी पडल्या होत्या. मागची पोरं खुर्च्यांवर चढून बघत होती.

"बघा, बघा!" ब्रुखमान्स खिदळला. "शिकवावं लागत नाही, रक्तातच असतं यांच्या!"

थेआने माइकचा लोखंडी दांडा बुडाशी धरून उचलला. पहिला तडाखा त्याच्या जबड्यावर बसला. दुसरा कानावर. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा तिने दांडा उलटा करून त्याच्या पाठीत घातला, पुन्हा घातला. किमोनोच्या बाह्या रक्ताने भिजल्या.

"थेआ! मरेल तो!" एडूने गिटार टाकून तिला मागून मिठीत आवळलं.

तिने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि आणखी एक तडाखा दिला. मग दम संपला. दुसऱ्या रांगेतला साहेब टोपी घालून दाराकडे निघाला होता. सही गेली, हे तिला कळलं. ती त्याला हाकही मारणार होती.

पण चौघी अजून वाकलेल्याच होत्या.

हसू कधीच थांबलं होतं. आईच्या कपाळावरचा घाम टपटप खाली पडत होता. ब्रुखमान्सला एकच शब्द येत होता, आणि आता तर तोंडही उघडत नव्हतं. थेआने फळीवर पडलेला माइक उचलला. तो तोंडाशी धरला.

"नाओरे."

चौघी सरळ झाल्या. आईने झग्याच्या सुरकुत्या झटकल्या, दोन्ही हातांनी कंबर धरली आणि वर लेकीकडे पाहिलं.

"किती वेळ लावलास गं," ती म्हणाली.