करकरतं दार

नायिका काही केल्या हवेलीतून बाहेर पडेना. भयकथाकार सकाळपासून तिच्या मागे लागला होता. खिडक्यांना गज त्यानेच बसवले होते. भुयार त्यानेच बुजवलं होतं. वेळेला दार उघडून देऊ शकला असता असा एक म्हातारा नोकर होता, त्याला त्याने निव्वळ हौसेपोटी विहिरीत ढकललं होतं. आता शेवटचं प्रकरण संध्याकाळपर्यंत हवं होतं. संपादकाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की तिला मारलंत तर वाचक माझा जीव घेतील. तिला बाहेर काढा, कशी ते तुमचं तुम्ही बघा.

बाहेर रणरणतं ऊन असावं. घरात कंदील लावलेला होता. पात्रं लेखक घडवत नाही, जागा घडवते, असा भयकथाकाराचा सिद्धान्त होता. भिंतीला ओल येऊ द्या, माणूस आपोआप कुबट होतो. हे तो व्याख्यानांत सांगे आणि घरी पाळे. पडदे दिवसाही ओढलेले. न्हाणीघरातला नळ मुद्दाम ठिबकता ठेवलेला. बाहेरच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायची सक्त मनाई, कारण त्या करकरीवर त्याची निम्मी कारकीर्द उभी होती.

बायकोला कुणी कोंडलं नव्हतं. हे तो कुणालाही शपथेवर सांगू शकला असता. दाराला साधं कुलूपही नसे. फक्त ती निघाली की दार करकरे, आतून ‘कुठे निघालीस?’ येई, आणि त्यामागून एक उसासा, की गेलं, सगळं वातावरण गेलं. दोन लिंबांसाठी नवऱ्याचं अख्खं प्रकरण मोडायचं हे तिच्या जिवावर येऊ लागलं. लिंबं मग शेजारीण आणून देऊ लागली.

लग्नात तिने शिवणाचं हातमशीन आणलं होतं. पण त्याच्या खडखडाटात भूत टिकत नाही, म्हणून ते माळ्यावर गेलं. ती काम करताना गुणगुणायची, तेही केव्हातरी थांबलं. ती हळू बोलू लागली, हाक मारली की दचकू लागली, भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. भयकथाकार हे सगळं बारकाईने बघत होता. त्याची नायिकाही भिंतीच्या कडेकडेने चालू लागली, आणि समीक्षकांनी तिला जिवंत म्हटलं.

बायकोच्या ताईने चौकात शिवणाचं दुकान काढलं होतं आणि खिडकीजवळची एक खुर्ची हिच्यासाठी अडवून ठेवली होती. निरोपावर निरोप येत होते. भयकथाकार कधीच नाही म्हणाला नव्हता. एवढी कादंबरी होऊ दे, म्हणाला होता. मागच्या कादंबरीच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. तुझ्या नवऱ्याच्या कादंबऱ्या संपेपर्यंत माझे डोळे जातील, सुईत दोरा कोण ओवणार, असं ताईने शेजारणीकरवी कळवलं होतं.

शेवटी त्याने बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

“अगं, तू तिच्या जागी असतीस तर कशी सुटली असतीस?”

तिने विचार करायला क्षणही घेतला नाही. हे त्याला खटकायला हवं होतं.

“दारानेच. बिजागऱ्यांना तेल द्यायचं. एकदम नाही, रोज थेंबभर. करकर रोज जराशी कमी होते, कुणाच्या लक्षात येत नाही.”

तो भराभर लिहू लागला. पण तिला कोंडणारा हवेलीचा मालक कान टवकारून बसलेला, मग निघायचं कधी, असं त्याने विचारलं.

तो स्वतःचं काहीतरी मोठ्याने वाचत असेल तेव्हा, ती म्हणाली. तेव्हा त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

मालकाचा हा स्वभाव कादंबरीत आधी कुठे आला नव्हता, पण भयकथाकाराला तो पटला. असतात अशी माणसं, म्हणाला. मग शेवटी त्या मालकाचं काय होतं? वाचकांना शिक्षा लागते.

बायकोने खोलीवरून एकदा नजर फिरवली.

“काही होत नाही. तो राहतो तिथेच. त्याला घर आवडतं.”

प्रकरण हातावेगळं झालं की ते मोठ्याने वाचायचं आणि बायकोने स्वयंपाकघरातून ‘हं’ म्हणायचं, असा त्यांचा रिवाज होता. तो खोलीत येरझाऱ्या घालत वाचू लागला. नायिकेने कडीला हात लावला, तिथे त्याने आवाज अगदी खाली आणला. तिने उंबरा ओलांडला, तिथे चढवला. शेवटची ओळ वाचून तो थांबला.

‘हं’ आलं नाही. भारावली असेल, असं त्याला वाटलं. त्याने हाक मारली. मग त्याच्या लक्षात आलं, की नळही ठिबकत नव्हता. कुणीतरी तो घट्ट पिळून बंद केला होता.

तो बाहेरच्या खोलीत आला. माळ्यावरच्या धुळीत मशीनच्या आकाराची एक स्वच्छ जागा होती. जमिनीवर उन्हाचा लांबलचक पट्टा पडला होता. दार सताड उघडं होतं आणि वाऱ्याने मागेपुढे होत होतं. काडीचाही आवाज येत नव्हता. त्याने बिजागरीला बोट लावून हुंगलं. मशीनच्या तेलाचा वास आला.

उंबऱ्यातून चौक दिसत होता. ताईचं दुकान दिसत होतं. एवढं जवळ असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने एक पाय बाहेर टाकला. पण उजेड फार होता, आणि रस्त्यावरची माणसं मोठमोठ्याने बोलत होती. आतून फोन वाजला, तसा तो दचकला.

त्याने दार लावून घेतलं आणि भिंतीच्या कडेकडेने चालत आत गेला.