बनाबाईनं नाव घेतलं

"आजी, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

बनाबाईनं वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. "शनवार," ती म्हणाली.

"बेस्तरवार!" शेजारच्या स्टुलावरून छकुली ओरडली. "आज बाजार हाय! आये, भेळ!"

छकुली तिची लेक. चाळिशी गाठली तरी बुद्धी पाच-सहा वर्षांच्या पोरीचीच राहिलेली. पण बारामतीचा बाजार गुरुवारी असतो, हे ती कधी चुकायची नाही.

विजयसिंहानं बहिणीला दटावलं. "आये, नीट सांग की. सकाळी तर समदं सांगितलंस." शाळेतल्या पोराची घ्यावी तशी त्यानं आईची तयारी करून घेतली होती. जळोचीची जमीन बनाबाईच्या नावावर होती आणि तिचं बक्षीसपत्र त्याला आपल्या नावानं करून हवं होतं. वकील म्हणाला होता, वय फार आहे, आधी डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला आणा.

"गाव कोणतं तुमचं?"

"माळेगाव." ते तिचं माहेर होतं.

"मुलं किती?"

"येक. ही येवढीच." तिनं छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला. विजयसिंहाचा चेहरा पडला. हे सोंग होतं की मनातलं, ते बनाबाईचं बनाबाईलाही कळलं नाही.

"मालकांचं नाव काय?"

बनाबाईनं पदर सावरला आणि मान खाली घातली.

"नाव घेत न्हाय ती," विजयसिंह घाईनं म्हणाला. "जुनी बाई हाय, डॉक्टर. लग्नात उखाण्यात घेतलं असंल, तेवढंच."

हे एक तेवढं सोंग नव्हतं. बाकी सगळं होतं. सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. राहायचं त्याच्याच घरात, आणि तिच्यावरचा राग निघायचा तो छकुलीवर. जमीन एकदा त्याच्या नावावर गेली की छकुलीची रवानगी कुठल्याशा संस्थेत होणार, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून तिनं स्वतःच वेडं व्हायचं ठरवलं.

डॉक्टरांनी पेन उचललं. "दाखला नाही देता येणार. विस्मरण बरंच आहे. या अवस्थेत त्यांना व्यवहार कळणार नाही, तसं लिहून देतो."

बनाबाईला आतून हसू फुटत होतं. जन्मात पहिल्यांदा परीक्षेला बसली आणि पाहिजे तशी नापास झाली! आता इंदापूरच्या भाचीला, प्रगतीला, गुपचूप निरोप धाडायचा. प्रगती छकुलीला सांभाळायला तयार होती. जमीन छकुलीला आणि छकुली प्रगतीच्या हवाली, असं मृत्युपत्र केलं की डोळे मिटायला मोकळी. जिना उतरताना तिनं छकुलीचा हात घट्ट धरला. "घिऊ हां भेळ," ती हळूच म्हणाली.

गाडीत बसल्या बसल्या विजयसिंहानं वकिलाला फोन लावला. फोनचा आवाज गाडीभर घुमत होता. आई मागं बसली आहे म्हणून तो लहान करायची गरज त्याला आता वाटली नाही.

"डॉक्टरनं उलटंच लिहिलंय, साहेब. काम गेलं म्हणायचं."

"गेलं कशानं? बरंच झालं की," वकील म्हणाला. "तो कागद जपून ठेवा. आता आई कुणालाच काही लिहून देऊ शकत नाहीत. ना बक्षीसपत्र, ना मृत्युपत्र. उद्या कुणी दुसऱ्या डॉक्टरचा दाखला आणला, तरी हा कागद पुढं करायचा. त्यांच्यामागं वारस तुम्ही दोघंच, आणि बहिणीला काय कळतंय? बहिणीचे पालक म्हणून अर्ज तुम्हीच करायचा."

"म्हंजी तिचं काय ते मीच ठरवायचं."

"तुम्हीच. दुसरं आहे कोण?"

बनाबाईच्या हातातून छकुलीचा हात सुटला. तिनं दार उघडलं आणि ती पुन्हा जिना चढू लागली. गुडघे बोंबलत होते. डॉक्टरांसमोर दुसराच पेशंट बसला होता; ती तशीच दारात उभी राहिली.

"डॉक्टर, आज बेस्तरवार हाय. गाव जळोची, तालुका बारामती. मला दोन लेकरं. थोरला विजयसिंह, धाकटी छकुली. मगाशी मी सोंग केलं. मला समदं कळतंय. तुमी लिवलंय ते खोडा."

"हो आजी, बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. आवाजात माया होती, आणि तिला त्या मायेचीच भीती वाटली. "या आजारात असंच होतं. मध्येच आठवतं, मध्येच जातं."

"आजार न्हाय मला!"

"नाही, नाही. बसा तुम्ही जरा."

आता आणखी काय सांगायचं? मगाचा एक प्रश्न तेवढा उरला होता. बनाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि चौकट धरली.

"मालकांचं नाव गेणबा," ती म्हणाली. मग बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "गेणबा! माझ्या नवऱ्याचं नाव गेणबा!"

तिला न्यायला वर आलेला विजयसिंह पायरीवरच थबकला. त्याचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते रडणं, आणि हेच वाईट होतं.

"आजपातुर आबांचं नाव तिनं कधी तोंडातनं काढलं न्हाय, डॉक्टर," तो म्हणाला. "गेली माझी आये. खरंच गेली."

त्यानं तिचा दंड हलकेच धरला आणि तिला जिन्याकडं वळवलं. छकुली भावाच्या मागोमाग वर आली होती. ती पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"बरोबर!" ती म्हणत होती. "आये, समदं बरोबर!"