वेताची वेल

"हात बाकावर ठेवा. सूक्ष्मदर्शकाचं भिंग कुणी चोरलं ते वेल शोधून काढेल," म्हणत परुळेकर बाईंनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

जंगलातून आणलेली, प्रयोगशाळेत चोराचा वास घ्यायला शिकवलेली ती वेताची वेल काट्यांनी बाक धरत सरसर पुढे निघाली.

भिंग केतकीच्या खिशात होतं. मुद्दामच घेतलं होतं तिने! वेलीला चोरी कळत नाही, नुसती भीती कळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी काही केलेलं नसताना वेलीने तिचंच मनगट सोलून काढलं होतं. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती शेजारची सुगंधा.

वेल दोघींच्या बाकावर चढताच केतकी पुटपुटली, "सुगंधे, भिंग तुझ्या दप्तरात टाकलंय हं मी."

सुगंधाला दरदरून घाम फुटला. वेल गर्रकन वळली आणि तिच्या मनगटात काटे रुतले.

"बाई, मी नाही हो! ही केतकी..."

"दुसऱ्यांची नावं घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी केतकीही अशीच रडत होती. बघ, आता कशी सुधारली!"