अर्धा कांदा

बार्बेक्यूची जाळी मी तारेच्या नव्या ब्रशनं अर्धा तास घासली होती. तरी निखारे फुलल्यावर सासरे अर्धा कांदा काट्याला टोचून आलेच. “एकदा हा फिरवतो.” मी मनात धुमसलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी यांचा हात लागल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. “बाबा, पोरीच्या पोटात कावळे ओरडतायत,” मी म्हणालो. लेक ताटली घेऊन केव्हाची उभी होती. ते तापल्या जाळीवर कांदा घासत राहिले. मग थांबले, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कांदा माझ्यापुढे धरला. त्यात ब्रशची तुटकी तार रुतली होती, केसासारखी बारीक. “घासाबरोबर गिळली गेली असती,” ते म्हणाले. लेकीच्या हातातली रिकामी ताटली पाहून माझा जीव भांड्यात पडला. “झालं का, आजोबा?” तिनं विचारलं. “थांब गं,” मी म्हणालो, “अजून अर्धा कांदा उरलाय.”